मोझांबिकच्या शांततेचा हिशेब

यादवी युद्ध थांबविण्यासाठी बंडखोरांना पैसे द्यावेत काय, असे विचारले तर कोणताही सुबुद्ध मनुष्य नकारच देईल. मोझांबिकचा अनुभव मात्र या नकारापाशी आपल्याला थांबू देत नाही.

१९७७ पासून तेथे फ्रेलिमो पक्षाचे सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यात युद्ध चालू होते. रेनामोला प्रथम ऱ्होडेशियाने व पुढे दक्षिण आफ्रिकेने पोसले. खेडुतांचे कान-ओठ कापणे, मुलांना पळवून सैनिक बनविणे, शाळा-दवाखाने जाळणे ही तिची ख्याती. युद्धाने व उपासमारीने दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. सतरा लाख परागंदा झाली, त्यांतील बहुसंख्य मलावीत.

जुलै १९९० मध्ये रोम येथे सांत एजिदिओ या कॅथलिक मंडळाच्या पुढाकाराने वाटाघाटी सुरू झाल्या. या मंडळापाशी ना सैन्य होते, ना तिजोरी. दोन्ही पक्षांचा विश्वास एवढेच त्याचे भांडवल. बोलणी सव्वादोन वर्षे रेंगाळली. दरम्यान १९९२ चा भीषण दुष्काळ पडला, तेव्हा मदतीच्या धान्याला वाट देण्याचे उभय पक्षांनी जुलैमध्ये मान्य केले. तहाआधी धान्याचा करार झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष शिसानो आणि रेनामोचे नेते ध्लाकामा यांनी तहावर सह्या केल्या.

त्याच सुमारास अंगोलातील शांतता कोसळत होती. तेथे संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक जेमतेम साडेतीनशे. सैन्ये विसर्जित होण्यापूर्वीच सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक उरकली गेली. हरलेल्या पक्षाच्या हाती बंदुका होत्याच. ते युद्ध २००२ पर्यंत चालले. मोझांबिकबाबत ही काटकसर टाळण्यात आली. सहा हजारांहून अधिक सैनिक पाठविले गेले (त्यांत भारतीय तुकड्याही होत्या), आणि सैन्य विसर्जनासाठी निवडणूक एक वर्ष पुढे, ऑक्टोबर १९९४ पर्यंत ढकलली. रेनामोचे राजकीय पक्षात रूपांतर व्हावे म्हणून दीड कोटी डॉलरहून अधिक निधी उभारला गेला; त्यात इटलीचा वाटा मोठा. पाऊण लाखाहून अधिक सैनिकांना दोन वर्षांचे वेतन मिळाले. त्यातील मोठा भाग सैनिकाने वस्तीसाठी निवडलेल्या जिल्ह्यातील बँकेतच वटत असे. पैसे हवेत तर गावी जा! एवढी शहाणी योजना आखणारा कारकून कोण होता, याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

हे सांगितले की वर्गातील एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, ज्याने कान कापले त्याला वेतन, आणि जिचे कापले तिला काय? तिला बियाणे व अवजारे मिळाली, तीही सर्वत्र नाहीत. तहानंतर थोड्याच दिवसांत सार्वत्रिक माफीचा कायदा झाला. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. परंतु त्या निधीस नकार देणाऱ्याने अंगोलातील पुढील दहा वर्षांचे मृत्यू आपल्या खात्यावर मांडण्याची तयारी ठेवावी.

दोन वर्षांचे वेतन कायमचे पुरले नाही, हेही खरे. ध्लाकामांनी काही सशस्त्र माणसे जवळ राखली होती. २०१३ मध्ये पुन्हा चकमकी झडल्या. २०१९ मध्ये नवा तह झाला, रेनामोचा अखेरचा तळ जून २०२३ मध्ये बंद झाला. या खेपेस शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांनी एकरकमी रक्कम नव्हे, निवृत्तिवेतन मागितले.