पाण्यात बुडवल्यावर कोयता कडक होतो, मग रोझ गोल्ड मऊ का? समजून घ्या

पोशेरा असो वा मुंबई, कोयता कडक करायला लोहार तो लालभडक तापवून पाण्यात बुडवतो. १८ कॅरेट रोझ गोल्डचं मात्र उलट!

कारण काय?
यात वजनाने ७५ टक्के सोनं, उरलेलं मुख्यतः तांबं. तांब्याचा अणू हलका, म्हणून संख्येने दोन्ही जवळपास सारखेच. सावकाश थंड केल्यास सुमारे ४१० अंश सेल्सिअसखाली त्यांचे एकाआड एक थर लागतात. धातू कडक, ठिसूळ होतो. झटकन पाण्यात बुडवल्यास अणू मिसळलेलेच राहतात, धातू मऊ राहतो.

तुमच्यासाठी काय?
डाख दिल्यावर अंगठीला तडा गेला म्हणजे सोनं खोटंच, असं नाही. शुद्धतेसाठी सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा.