दहाचा पाना कुठे गेला?

सहा मिलिमीटरच्या बोल्टला बहुतेक गाड्यांत दहाचं डोकं असतं. बॅटरीचं टर्मिनल असो की एअर फिल्टरचं खोकं, सगळीकडे तोच. म्हणूनच गॅरेजात सगळ्यात जास्त हाका दहाच्या पान्यालाच!

खरी गंमत पुढे आहे. आठ मिलिमीटरचा बोल्ट जपानी गाडीत बाराच्या गोटीने फिरतो, जर्मन गाडीत तेराच्या. निदान त्यांचे आटे तरी जुळतात. दहा मिलिमीटरच्या बोल्टवर मात्र फसाल. जपानी आट्यांमधलं अंतर बहुधा १.२५ मिलिमीटर, युरोपीय १.५. चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे हाताने गुमान जातो, मग अडतो. तिथे पाना लावून जोर केलात तर आटे गेलेच समजा.

जुन्या विलीज जीपला इंची पाने लागतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे एकोणिसाचा पाना खपून जातो. पण अर्धा इंच भरतो १२.७. तेराचा पाना लावला की ०.३ मिलिमीटरची ढिलाई राहते, आणि जाम बोल्टचे कोपरे गोल व्हायला तेवढी पुरते. अशा बोल्टला सहा कोनी गोटीच लावावी, बारा कोनी नको. सहा कोनी गोटी कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर जोर देते.

फिलिप्सचा चौफुली स्क्रू १९३६ मध्ये कॅडिलॅकच्या कारखान्यात पोचला. जपानी चौफुली दिसते तशीच, पण खाच वेगळी. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात पुरता बसत नाही आणि स्क्रू खातो. सहा पाकळ्यांचा टॉर्क्स, म्हणजे आपला स्टार, १९६७ चा. त्याची पकड घट्ट, सहसा निसटत नाही.

बोल्टच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं दिसलं तर त्याला मान द्या. तो तोडायला दर चौरस मिलिमीटरला जवळपास १०० किलोचा भार लागतो, आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत ताणला तरी सोडल्यावर पूर्ववत होतो. अनेक इंजिनांच्या हेडचे बोल्ट मात्र मुद्दाम त्यापलीकडे ताणून कसतात. म्हणून हेड उघडलं की ते नवेच घालायचे. तिथे पैसे वाचवू नका.

आणि क्रायस्लरच्या जुन्या गाड्या! डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे, फिरताना ढिले होऊ नयेत म्हणून. सवयीने फिरवाल तर ते आणखी घट्ट होतात.