षटकाराची भरपाई

१९४७ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या चीतम भागातल्या मैदानातून एक षटकार थेट बाहेर गेला आणि घराच्या फाटकातून नुकत्याच रस्त्यावर आलेल्या बेसी स्टोन यांना लागला. भरपाई कोणी द्यायची? इंग्लंडच्या कायद्यात नुसती इजा पुरत नाही. समोरच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने मोडले आणि त्यातूनच नुकसान झाले, हे दाखवावे लागते. इथे घोडे अडले मधल्या पायरीवर. सुमारे ३० वर्षांत चेंडू जेमतेम ६ वेळा रस्त्यावर गेला होता. कुंपण उंच, रहदारी तुरळक. धोका कल्पनेपलीकडचा नव्हता, पण फारच पुसट. १९५१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, मैदानावरच्या क्रिकेट क्लबच्या बाजूने कौल दिला. मला तो थोडा खटकतोच. निकाल देणाऱ्यांपैकी लॉर्ड रीड यांनी मात्र बजावले होते: धोका मोठा असेल, तर तिथे क्रिकेट खेळूच नये.