मनगटावरचा ठेवा : चावीच्या घड्याळांचे बदलते मोल

रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या वसाहतीत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबात जुने कपाट आवरायला काढले, की कागदपत्रांच्या तळाशी बहुधा एक लहानशी डबी सापडते. तीत आजोबांचे बंद पडलेले मनगटी घड्याळ असते. घरातील एकाचे मत पडते की ते मोडीत द्यावे; दुसरा सुचवितो की नवी तबकडी बसवून घ्यावी; तिसऱ्याने कोठेतरी वाचलेले असते की जुन्या घड्याळांना लाखो रुपये मिळतात. या तिन्ही मतांत घाई आहे. जुन्या घड्याळाचे मोल नेमके कशात असते, हे आधी समजून घेणे हिताचे ठरते.

एके काळी घड्याळ ही दुर्मीळ आणि गरजेची वस्तू होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फेवर ल्युबा व वेस्ट एंड या स्विस नावांनी भारतात जम बसविला. रेल्वेचे कर्मचारी, लष्करातील अधिकारी आणि सुस्थितीतील घराणी यांच्यापुरतीच ही चैन प्रामुख्याने मर्यादित होती. १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एच.एम.टी., या सरकारी उद्योगाने जपानच्या सिटीझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळनिर्मिती सुरू केली आणि चित्र पालटले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही नावे घरोघरी पोहोचली. परीक्षेतील यश, पहिली नोकरी, विवाह आणि सेवानिवृत्ती या प्रसंगी घड्याळ भेट देण्याची प्रथाच पडली.

चावीच्या घड्याळात गुंडाळलेल्या स्प्रिंगची शक्ती दातेरी चक्रांमार्फत दोलकचक्राला मिळते. जुन्या घड्याळांत हे चक्र साधारणपणे सेकंदाला ५ ठोके देते. क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक मात्र विजेरीच्या बळावर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. साहजिकच ते कितीतरी अधिक अचूक असते. १९६९ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढील दीड दशकात स्वित्झर्लंडमधील अनेक कारखाने बंद पडले. भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झ घड्याळांना सुबक रूप दिले. एच.एम.टी. मागे पडत गेली. अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली.

पुढे भ्रमणध्वनीवरच वेळ दिसू लागल्याने घड्याळाची गरजच उरणार नाही, असे भाकीत केले जात होते. घडले ते वेगळेच. वेळ दाखविण्याचे ओझे उतरताच चावीचे घड्याळ कारागिरी, प्रतिष्ठा आणि आठवण यांचे प्रतीक बनले. स्विस कंपन्यांनी याच भावनेवर आपला व्यवसाय पुन्हा उभारला. आपल्याकडेही एच.एम.टी. बंद होणार हे कळल्यानंतर तिच्या घड्याळांना मागणी वाढली. पूर्वी सहज मिळणारी ‘जनता’ संग्राहक शोधू लागले.

संग्राहक किंमत ठरविताना मुख्यतः तीन गोष्टी पाहतो : अस्सलपणा, दुर्मीळता आणि वस्तूचा इतिहास. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला विकले गेले. त्यात सोने वा हिरे नव्हते. ते त्यांना पत्नीने भेट दिले होते आणि गाडी जपून चालविण्याची सूचना तिने त्यावर कोरून घेतली होती. त्या इतिहासालाच एवढी किंमत आली.

म्हणूनच नवी तबकडी बसविण्याचा सल्ला घातक ठरू शकतो. पिवळसर पडलेली मूळ तबकडी जाणकाराला रंगवून चकचकीत केलेल्या तबकडीपेक्षा अधिक मोलाची वाटते. भारतीय बाजारात निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून, तबकडी नव्याने छापून तयार केलेली घड्याळे मोठ्या संख्येने आढळतात. संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. खरेदी करणाऱ्याने म्हणूनच पाठीचे झाकण उघडून आतील यंत्र पाहण्याचा आग्रह धरावा. दुरुस्तीला देणाऱ्याने ‘साफसफाई व तेलपाणी करावे, मूळ भाग बदलू नयेत, बदललेच तर जुने परत द्यावेत’, असे घड्याळजीला स्पष्ट सांगावे.

घड्याळ ही गुंतवणूक समजावी काय? येथे सावधगिरी हवी. मुदत ठेवीप्रमाणे त्यावर व्याज मिळत नाही, सोन्याप्रमाणे त्याचा रोजचा भाव जाहीर होत नाही आणि गरजेच्या वेळी ग्राहक मिळेलच याची शाश्वती नसते. महासाथीच्या काळात काही स्विस घड्याळांचे पुनर्विक्रीचे भाव भरमसाट चढले आणि २०२२ च्या वसंतानंतर झपाट्याने उतरले. शिवाय २२ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवेळी विक्रेत्याने खरेदीदाराकडून १ टक्का कर गोळा करण्याची तरतूद लागू झाली. तेव्हा मोठ्या खरेदीचे देयक व पॅनची नोंद जपणे अगत्याचे आहे. कर्ज काढून संग्रह करणे तर कटाक्षाने टाळावे.

मौल्यवान घड्याळ बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येते; मात्र त्याचा विमा बँक उतरवीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ मधील सुधारित सूचनांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक अशा प्रसंगी बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. अधिक किमतीच्या वस्तूचा स्वतंत्र विमा काढणे श्रेयस्कर. घड्याळ कोरड्या कापडात ठेवावे आणि अधूनमधून बाहेर काढून चावी द्यावी, कारण वर्षानुवर्षे पडून राहिल्यास त्यातील तेल घट्ट होते.

कपाटातल्या त्या डबीचे काय करावे, याचे उत्तर आता सोपे होते. आजोबांचे ‘जनता’ लाखांचे धन देईल, अशी अपेक्षा ठेवू नये. ते विश्वासू घड्याळजीकडून स्वच्छ करून घ्यावे. जुनी पावती किंवा हमीपत्र असल्यास त्याच डबीत ठेवावे. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी घेतले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. घड्याळजी यंत्र पुन्हा चालू करू शकेल. ही माहिती मात्र सांगणारी माणसे आहेत तोवरच मिळू शकते.