माग काढणाऱ्यांचे लॉज : लोंडोलोझी

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागात, क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून साबी सँड हे सुमारे ६५ हजार हेक्टरांचे खासगी अभयारण्य पसरले आहे, आणि त्यातील सँड नदीच्या काठी वसलेले लोंडोलोझी हे लॉज बिबट्या दिवसाउजेडी व निवांतपणे दिसण्याचे ठिकाण म्हणून जगभर ओळखले जाते. लाकडी सज्जे, खासगी तलाव आणि उत्तम स्वयंपाक या गोष्टी आफ्रिकेतील अनेक महागड्या लॉजमध्ये सापडतात, त्यामुळे त्यांचे वर्णन इथे लांबवण्याचे कारण नाही. लोंडोलोझीचे वेगळेपण आधी दुरुस्त केलेल्या जमिनीत आहे आणि नंतर त्या जमिनीवरचे ठसे वाचणाऱ्या माणसांत आहे.

१९२६ साली चार्ल्स व्हार्टी आणि फ्रँक अंगर यांनी ही जमीन विकत घेतली ती सिंहाच्या शिकारीसाठी. गुरांच्या अतिचराईने गवत संपलेले, झुडपे माजलेली आणि पावसाचे पाणी घळींतून वाहून जाणारे असे ते रान होते. १९६९ मध्ये वडिलांच्या निधनानंतर डेव्ह आणि जॉन या व्हार्टी बंधूंनी, जमीन विकून टाकण्याचा सल्ला बाजूला सारून, बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन येणाऱ्या पाहुण्यांवर लॉज चालवण्याचे ठरवले. परिसंस्थांचे अभ्यासक केन टिनली यांनी त्यांना सुचवलेला उपाय साधा होता : माजलेली झुडपे तोडावीत, घळी बुजवून पाणी जमिनीत मुरू द्यावे आणि शेजारच्या गावांतील माणसांना या कामात भागीदार करावे. पाणी मुरले तसे गवत परतले, गवतामागे चरणारी जनावरे आली आणि त्यांच्यामागे शिकारी प्राणी आले. पुढे १९९३ मध्ये साबी सँड आणि क्रुगर यांच्यामधले कुंपण काढले गेले, आणि हत्ती, म्हशी, सिंह यांना दोन्हीकडे मोकळेपणाने फिरता येऊ लागले.

बिबट्याची ख्याती मात्र एका मादीपासून सुरू होते. १९७९ मध्ये गाडीला न बुजणारी एक मादी दिसू लागली आणि जॉन व्हार्टी व शांगान समाजातील मागकाढे एल्मन म्हलोंगो यांनी तिचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून चित्रीकरण केले. १९९१ मध्ये ती मेली, पण तोवर तिची पिल्ले गाडीच्या आवाजातच वाढली होती आणि तोच बेडरपणा पुढच्या पिढ्यांत उतरला. याला माणसाळणे म्हणता येणार नाही, कारण या बिबट्यांना कुणी खाऊ घालत नाही. त्यांच्या लेखी गाडी ही भक्ष्य नसलेली आणि धोकाही नसलेली एक वस्तू असते. गाडीत कुणी उभे राहिले की त्या वस्तूचा ओळखीचा आकार मोडतो, म्हणून बसून राहण्याचा नियम तिथे काटेकोरपणे पाळला जातो. एकेका बिबट्याची ओळख मिशांच्या सर्वांत वरच्या रांगेच्या वर असलेल्या सुट्या ठिपक्यांवरून पटवतात. एका गालावर तीन आणि दुसऱ्यावर दोन ठिपके असले तर त्या जनावराची नोंद ३:२ अशी होते.

पाहुण्याचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. उघड्या गाडीचे चाक रेंजरच्या हाती असते, आणि बॉनेटच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसवलेल्या, कसलाही आडोसा नसलेल्या छोट्या खुर्चीवर मागकाढ्या बसतो. कोवळे ऊन तिरपे पडत असल्याने वाळूतल्या ठशाच्या कडांना सावली येते, आणि म्हणूनच हा माग वाचण्याचा सर्वांत सोयीचा वेळ मानला जातो. नखांची खूण उमटलेली असेल तर ठसा बहुधा तरसाचा. नखे दिसत नसतील आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतील तर तो मांजरकुळातला. कडा ताठ आहेत की ढासळल्या आहेत, आणि रात्री फिरणाऱ्या किड्यांची रेघ ठशाच्या वरून गेली आहे की ठशाखाली दबली आहे, यांवरून जनावर केव्हा गेले याचा अंदाज बांधला जातो. पुढे कठीण जमीन लागली की कान कामाला येतात : इंपाला हरणाचे फुरफुरणे, खारीची अखंड किरकिर, व्हर्व्हेट माकडांचा धोक्याचा आवाज. ताडोब्यात चितळाच्या कॉलवर जिप्सी थांबवणाऱ्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. मोठा फरक असा की लोंडोलोझीत रेंजर आणि मागकाढ्या अनेकदा रायफल घेऊन पायी उतरतात आणि गाडी रस्ता सोडून झुडपांत शिरू शकते. या मोकळिकीचा गैरवापर होऊ नये म्हणून एका प्राण्यापाशी एका वेळी मोजक्याच गाड्या थांबू देतात.

दुपारी जनावरांप्रमाणे पाहुणेही सावलीत पडून राहतात. संध्याकाळच्या फेरीत सूर्यास्ताला पेयपानासाठी थांबा होतो, अंधारात झोतदिव्याने निशाचर शोधले जातात आणि रात्रीचे जेवण अनेकदा बोमामध्ये, म्हणजे कुडाने वेढलेल्या गोल उघड्या अंगणात, शेकोटीभोवती होते. मारुला झाडाच्या फांदीवर तरसापासून वाचवून ठेवलेली शिकार आणि तिच्याशेजारी पाय लोंबकळत सोडून झोपलेला बिबट्या पाहून आलेल्यांना बोमात बोलायला विषय शोधावा लागत नाही.

सिंह, बिबट्या, हत्ती, म्हैस आणि गेंडा या ‘बिग फाइव्ह’ची यादी मुळात शिकाऱ्यांनी केलेली आहे, आणि ती पुरी करण्याच्या घाईत मागकाढ्याचे काम पाहायचे राहून जाते, ही या पर्यटनाची खरी उणीव म्हणावी लागेल. हे कौशल्य घराघरांतून लोप पावत असल्याचे ओळखून अॅलेक्स व्हॅन डेन हीव्हर आणि रेनियास म्हलोंगो यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये ट्रॅकर अकादमी सुरू झाली. तिथे ग्रामीण भागातील बेरोजगार तरुणांना या विद्येचे रीतसर शिक्षण मिळते.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड आहे. वर्णभेदी राजवटीच्या काळात ज्यांना या पट्ट्यातून हुसकावले गेले, त्यांचे वंशज आजही अभयारण्याच्या कुंपणाबाहेरील गावांत राहतात आणि त्यांच्यातलेच अनेकजण लॉजमध्ये नोकरीला येतात. लोंडोलोझीच्या शेजारच्या मालामाला या राखीव क्षेत्राबाबत २०१३ मध्ये तडजोड झाली : सरकारने एक अब्ज रँडहून अधिक रक्कम मोजून ती जमीन न्वांडलाम्हारी समाजाला परत मिळवून दिली, आणि मालकी बदलल्यानंतरही तिथले लॉज पूर्वीसारखेच चालू राहिले.