श्वेत वाइन, शुष्क
किण्वनानंतर जिच्यात साखरेचा अंश जवळजवळ उरत नाही अशी, सामान्यतः फिकट द्राक्षांच्या रसापासून केलेली वाइन. ‘शुष्क’ ही संज्ञा येथे गोडीचा अभाव दर्शविते. यूरोपीय नियमांनुसार अशा वाइनमध्ये दर लिटरला साधारणपणे ४ ग्रॅ.पर्यंत शेष साखर चालते; अम्लता पुरेशी असल्यास ही मर्यादा ९ ग्रॅ.पर्यंत वाढते.

महाराष्ट्रात ही वाइन मुख्यत्वे नाशिक जिल्ह्यात सॉव्हिन्याँ ब्लाँ व शेनिन ब्लाँ ह्या मूळच्या फ्रेंच द्राक्षजातींपासून करतात. सुला व्हिनयार्ड्‌सची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ च्या राज्य शासनाच्या धोरणानंतर ह्या उद्योगाला वेग आला. वेलींची एप्रिलमध्ये व पुन्हा सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये छाटणी करून पीक जानेवारी ते मार्चमध्ये घेतात. हिवाळ्यातील थंड रात्रींमुळे अम्लता टिकते. पण उष्मा वाढू लागताच मॅलिक अम्ल झपाट्याने घटते व साखर चढते. त्यामुळे काढणीचा दिवस हाच वाइनच्या स्वभावाचा खरा निर्णायक होय. पुढे पोलादी टाक्यांत कमी तापमानाला सावकाश किण्वन करून गंध जपतात. सॉव्हिन्याँ ब्लाँला हिरवी ढोबळी मिरची, पेरू व ताज्या गवताचा वास येतो. शेनिन ब्लाँ पुष्कळदा मुद्दाम किंचित गोड ठेवलेली असते. केवळ जातीच्या नावावरून ती शुष्क मानू नये.

अन्नाशी मेळ : यूरोपात पदार्थ एकामागून एक वाढले जातात, मराठी ताटात आंबट, गोड व तिखट एकाच वेळी येते. म्हणून तेथील नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पदार्थ वाइनहून अधिक आंबट असला, तर वाइन पाणचट लागते. अधिक गोड असला, तर ती कडवट व रुक्ष भासते. रव्यात घोळून तळलेली सुरमई वा बोंबील, कोथिंबीरवडी ह्यांच्याशी शुष्क श्वेत वाइन उत्तम जुळते, कारण तिची अम्लता तेलकटपणा कापते व दोहोंतील हिरवा गंध परस्परांना पूरक ठरतो. चिंचगुळाची अळूवडी मात्र तिला मारक होय.

तिची खरी कसोटी वऱ्हाडी जेवणात लागते. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. तेथे द्राक्षमद्याची परंपरा नाही. तेथील पारंपरिक मद्य मोहफुलांचे व ऊर्ध्वपातित असते. पाटवडीचा रस्सा किंवा ठेचा ह्यांतील तिखट द्रव्य (कॅप्सायसीन) तोंडातील ज्या उष्णतासंवेदी ग्राहींना चेतविते, त्यांनाच अल्कोहॉलही चेतविते. साहजिकच शुष्क वाइनच्या घोटाने आग शमण्याऐवजी भडकते व वाइनचा गंध हरवतो. अशा रश्श्यासोबत किंचित गोड शेनिन ब्लाँ अधिक निभावते. याउलट गोळाभात व वडाभात ह्यांत डाळीचा खमंगपणा आणि वरून घेतलेली तेलाची फोडणी प्रधान असते. तेथे शुष्क सॉव्हिन्याँ ब्लाँ, मिरची बेताची असल्यास, कोकणातल्या मासळीइतकीच शोभते. ह्या भागातील अन्नाला वाइन चालत नाही हे सरसकट मत त्यामुळे ग्राह्य नाही.

ही वाइन ताजी, सामान्यतः एक-दोन वर्षांत प्यावयाची असते. ती ८° ते १०° से. तापमानास देतात, याहून थंड केल्यास गंध दबतो. यवतमाळात उन्हाळ्यात पारा ४२° से.च्या पुढे जातो, म्हणून पेल्यात एका वेळी थोडीच ओतावी. उन्हात वाहून आणलेल्या वा तापलेल्या खोलीत ठेवलेल्या बाटलीतील वाइन पिवळट पडते व तिला शिजल्यासारखा वास येतो. नंतर थंड करून तो जात नाही.