विश्लेषण : क्षयरोगाचा जिवाणू औषधाला कसा चकवतो?

मुरुड किंवा राजपुरीत कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी होते. गोव्यातील कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर ‘रिफॅम्पिसिन लागू पडते’ असा अहवाल आला की घरचे निर्धास्त होतात. ती घाई ठरू शकते. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाचा निकाल अजून बाकी असतो. त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो.

बटण सैल झाले तर...

क्षयरोगाच्या जिवाणूची जनुकीय संहिता १९९८ मध्ये वाचली गेली. सुमारे ४४ लाख अक्षरे, त्यात जवळपास ४ हजार जनुके. प्रत्येक जनुक सतत पूर्ण जोमाने चालत नाही. त्याच्या अलीकडचा छोटा पट्टा, म्हणजे ‘प्रमोटर’, किती प्रथिन बनवायचे हे ठरवतो. नळाची चावीच म्हणा ना!

आयसोनियाझिडची गोळी मुळात निष्क्रिय असते. जिवाणूचेच ‘कॅटजी’ हे विकर तिला जागे करते. मग ती ‘इन्हा’ या विकराला अडवते आणि जिवाणूचे मेणचट कवच बनणे थांबते. कॅटजी बिघडले, तर गोळी जागीच होत नाही.

दुसरा मार्ग जास्त धूर्त आहे. इन्हाच्या प्रमोटरमध्ये एकच अक्षर बदलते, ‘सी’च्या जागी ‘टी’. विकर जसेच्या तसे राहते, पण चावी सैल होते. इन्हा इतके तयार होते की गोळी अपुरी पडते. अशा वेळी वाढीव मात्रा काही रुग्णांत उपयोगी पडते. तो निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. मात्र इथिओनामाइडही इन्हावरच मारा करते, त्यामुळे तेही निकामी ठरते. म्हणूनच अहवालात ‘कॅटजी’ लिहिले आहे की ‘इन्हा’, याला महत्त्व आहे.

रखवालदार गेला

२०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी जवळपास कोणतेच औषध लागू न पडणाऱ्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा देश हादरला. आता अशा रुग्णांसाठी बेडाक्विलिन आहे. २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या ‘बीपाल्म’ उपचाराचा तो कणा आहे.

पण इथेही नियंत्रणच बिघडते. ‘आरव्ही ०६७८’ हे जनुक औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाला एरवी दाबून ठेवते. ते मोडले की पंप मोकाट सुटतो. बेडाक्विलिन बाहेर जाते, सोबत कुष्ठरोगावरचे क्लोफाझिमाइनही.

गोळी चुकली की काय होते?

औषधामुळे उत्परिवर्तन होते, हा गैरसमज. संहितेची नक्कल होताना चुका आपोआप होतातच. उपचार अर्धवट राहिला की चुकीचा फायदा मिळालेले जिवाणू तेवढे उरतात आणि वाढतात. चार-पाच दिवस होडीवर राहणाऱ्या खलाशाने डिझेल-बर्फाबरोबर गोळ्यांची पिशवी चढवायला हवी, ती याचसाठी.

इन्हातील बदल ठरलेल्या जागी सापडतो, म्हणून तयार पट्टीवर तो दिसतो. आरव्ही ०६७८ मधील बदल मात्र जनुकभर कुठेही असू शकतात. तिथे अजूनही जिवाणू वाढवून पाहावे लागतात आणि त्यात काही आठवडे जातात.